तीन वेळा, दहा-दहा मिनिटांनी

धाकटा आता अठ्ठेचाळीस वर्षांचा झाला होता. डोक्यावर, मोजायला बसलं तर अर्ध्या तासात संपतील इतके केस उरले होते, चष्म्याचा नंबर दरवर्षी चढत होता, आणि तरी घरात तो धाकटाच होता. थोरली ती ताई. ती तीन वर्षं आधी जन्माला आली एवढाच काय तो तिचा गुन्हा. पण त्याची शिक्षा आपण आयुष्यभर भोगली असं याचं प्रामाणिक मत होतं. आंघोळीचं गरम पाणी आधी ताईला. नवी पुस्तकं ताईला, आणि तीन वर्षांनी तीच, कोपरे दुमडलेली, याला. प्रत्येक नव्या वर्गात बाई विचारायच्या, "तू तिचा भाऊ ना रे?" आणि हा मान डोलवायचा. एका वर्षी हा वर्गात पहिला आला, तर अप्पा काय म्हणाले? "वा! अगदी ताईसारखा!"

अप्पांच्या मनात वाईट काही नव्हतं. सरळ रेषेत विचार करणारा माणूस तो. बस डेपोत त्यांनी चौतीस वर्षं नियंत्रकाची नोकरी केली. कुठली गाडी कधी लागणार, कधी सुटणार, हे त्यांच्या हातातल्या पाटीवर असायचं आणि त्यांच्या शिट्टीशिवाय चाक हलायचं नाही. एकदा खुद्द डेपो मॅनेजर घाईत होते आणि त्यांची गाडी रांगेत चौथी होती. अप्पांनी शिट्टी वाजवली नाही ती नाहीच. "पाळी मोडायची नाही, साहेब. एकाची मोडली की सगळ्यांची मोडते," असं म्हणून ते पाटीकडे बघत उभे राहिले. हा किस्सा घरात इतक्या वेळा सांगून झाला होता की ताईची मुलं अप्पांच्या आधी शेवटचं वाक्य म्हणून टाकत.

तर असे अप्पा, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, न्हाणीघरात पाय घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडून बसले. ऑपरेशन झालं, पण चालणं काही परत आलं नाही. ताईचं घर तिसऱ्या मजल्यावर, धाकट्याचं शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. शेवटी ताईच्या घरापासून दहा मिनिटांवर असलेल्या एका लहानशा शुश्रूषागृहात त्यांना ठेवायचं ठरलं. बारा खाटांचं, स्वच्छ, फिनाइलच्या वासाचं. अप्पांना खिडकीजवळची चौथी खाट मिळाली. खिडकीतून रस्ता दिसायचा, आणि कुठली बस किती मिनिटं उशिरा गेली ते अप्पा मावशींना सांगत बसायचे. मावशी म्हणजे तिथली सेविका, पन्नाशीची, बोलायला फटकळ आणि हाताला मऊ.

भरती करताना अर्जात एक ओळ होती. तातडीच्या वेळी कोणाला कळवावे.

"माझा नंबर घाल," ताई म्हणाली. "मी हाकेच्या अंतरावर आहे."

"दर वेळी तूच का आधी?" धाकट्याच्या तोंडून निघून गेलं.

ताईनं त्याच्याकडे वर-खाली पाहिलं. "अरे, बक्षीस वाटतायत का इथे?"

"मी मुलगा आहे त्यांचा. त्यांना काही झालं तर मला सगळ्यात शेवटी कळायचं का?"

"शेवटी कुठे? मला कळलं की मी तुलाच फोन करणार ना!"

"तेच म्हणतोय मी. तुला कळणार आणि मग मला."

हे असं पंधरा मिनिटं चाललं. खाटेवरून अप्पा ऐकत होते. शेवटी ते म्हणाले, "राहू दे ग. धाकट्याला राहू दे पहिला." "घाल तुझा," ताई म्हणाली. धाकट्याला मात्र ते वाक्य कुठे ठेवू नि कुठे नको असं झालं.

दुसऱ्या दिवशी तो एक कागद छापून घेऊन आला. प्लॅस्टिकमध्ये बंद केलेला, वर भोक पाडलेलं, भोकात दोरी. यंत्रांशी आयुष्य घालवलेला माणूस, त्याला अर्धवट काम कसं चालेल? वाचनालयं, शाळा, कचेऱ्या यांचे सर्व्हर लावायचे आणि बिघडले की दुरुस्त करायचे हा त्याचा धंदा. त्यानं कागदावर लिहिलं होतं: पहिला नंबर, मुलगा. उचलला नाही तर दहा मिनिटं थांबून पुन्हा लावावा. असा तीन वेळा लावावा. त्यानंतरही उत्तर आलं नाही तर दहा मिनिटांनी दुसरा नंबर, मुलगी.

तीन वेळा का आणि दहा मिनिटं का, हे त्यानं कोणाला सांगितलं नाही. त्याचं काम बहुधा तळघरांत चालायचं. तिथे रेंज नसते. एकदा फोन लागला नाही म्हणून लगेच ताईला केला, की झालंच. पहिला नंबर नावापुरताच उरला असता. अर्ध्या तासात आपण कुठल्याही तळघरातून वर येतोच, असा त्याचा हिशेब होता.

ताईनं कागद वाचला आणि म्हणाली, "तू माणसांनासुद्धा सर्व्हर समजतोस." पण शुश्रूषागृहाच्या मेट्रनबाईंना तो फार आवडला. इतकं स्पष्ट कोणी लिहूनच देत नाही, म्हणाल्या. त्यांनी त्याच्याकडून कोरा नमुना मागून घेतला आणि आठवड्याभरात बाराही खाटांना तसे कागद लटकले. नंबर ज्याचे त्याचे, नियम धाकट्याचा. तो दर रविवारी अप्पांची दाढी करायला जायचा तेव्हा त्या रांगेकडे बघून त्याची छाती नाही म्हटलं तरी फुगायचीच. अप्पा शेजारच्या खाटेवाल्यांना सांगायचे, "आमच्या धाकट्यानं केलंय ते. डोकं आहे त्याला."

असे दोन महिने गेले. मग अप्पांना ताप आला, छातीत कफ झाला. डॉक्टर म्हणाले, वय आहे, लक्ष ठेवू या. मंगळवारी धाकट्यानं फोन केला तर अप्पांचा आवाज खोल गेला होता. "दाढी वाढलीय रे," एवढंच म्हणाले. रविवारपर्यंत थांबायचं नाही असं त्यानं ठरवलं. "उद्या येतो अप्पा. तीन वाजता. नवा ब्रश घेऊन येतो." आणि ब्रश घेऊन त्यानं तो हत्यारांच्या पिशवीत टाकलासुद्धा.

बुधवारी सकाळी नऊला तो शहर वाचनालयात पोचला. काम किरकोळ होतं. वाचनालयाच्या सर्व्हरवर काल संध्याकाळी त्यानं नवी ऑपरेटिंग सिस्टिम चढवली होती, मुख्य कार्यालयातून थेट नेटवर्कवरून. चढवणं बिनबोभाट पार पडलं होतं. आज फक्त सुरू करायचं, तपासायचं आणि निघायचं.

सर्व्हर काही सुरू होईना.

खोली तळघरातली, पूर्वी जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे ठेवायची. भिंती हातभर जाड. मधोमध लोखंडी कपाट, त्यात आडवा पडलेला चपटा खोका, आणि त्याच्या पंख्यांची अखंड घरघर. धाकट्यानं बटण दाबलं. आधी यंत्र आपली स्मरणशक्ती मोजत बसलं. मोठ्या यंत्रांची ही खोड असते. घरच्या कॉम्प्युटरसारखी ती चुटकीसरशी उठत नाहीत, आठ-आठ मिनिटं आळोखेपिळोखे देतात. मग पडदा काळा झाला. डाव्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकत राहिली. धाकट्यानं पाच मिनिटं वाट पाहिली आणि बटण दाबून यंत्र बंद केलं. पुन्हा आठ मिनिटं, पुन्हा काळा पडदा, पुन्हा रेघ.

वरून ग्रंथपालबाई जिना उतरून आल्या. त्यांना गुडघ्यांचा त्रास, त्यामुळे त्या उतरल्या म्हणजे प्रकरण गंभीर.

"किती वेळ अजून? वर लोक उभे आहेत. सगळं हातानं लिहून देतोय आम्ही. काउंटरवरच्या मुलींचे हात दुखायला लागले."

"अर्धा तास, बाई."

"मघाशीही अर्धाच तास होता," बाई म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात ठेवून वर गेल्या.

सिस्टिम नीट चढलीच नसणार, असं समजून त्यानं ती पेनड्राइव्हवरून पुन्हा चढवली. त्यात सव्वा तास गेला. पुन्हा बटण दाबलं. काळा पडदा, रेघ. आता त्याचं डोकं तापलं. काल शहाण्यासारखी झोपलेली वस्तू आज उठत नाही म्हणजे काय! त्यानं खिशातून फोन काढून वेळ पाहिली. अकरा वाजून दहा. तळघरात फोनचा उपयोग घड्याळापुरताच. वर जाऊन एकदा फोन बघून यावा असं त्याच्या मनात आलं. अप्पांना ताप आहे हे तो विसरला नव्हता. पण सुरू होताना यंत्राच्या सेटिंगमध्ये शिरायचं तर एक ठरावीक बटण नेमक्या क्षणी दाबावं लागतं, तो क्षण चुकला की पुढची आठ मिनिटं पाण्यात. आत्ताच तर सुरू केलंय, एवढं एक होऊ दे, मग जातो. या धंद्यातला प्रत्येक माणूस हे वाक्य रोज स्वतःशी बोलतो. धाकटाही बोलला, आणि तो क्षण त्याच्याकडून चुकलाच. दात विचकून हसावं तशी ती रेघ लुकलुकत राहिली.

अकरा पंचवीसला त्यानं पुन्हा वेळ पाहिली. जातो, जातो.

शेवटी त्यानं हात टेकले. खोका बंद करायचासुद्धा कंटाळा आला म्हणून स्टुलावर बसून बाटलीतलं पाणी प्यायला लागला. यंत्र चालूच राहिलं. आणि बऱ्याच वेळानं, अगदी निवांत, पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ उमटली. नेटवर्कवर शोधत आहे. मग, उत्तर नाही. पुन्हा शोधत आहे. उत्तर नाही. तिसऱ्यांदा.

धाकट्यानं कपाळावर हात मारला. असं यंत्र सुरू होताना कोरं असतं. आपली सिस्टिम कुठे आहे हे त्याला यादी बघून शोधावं लागतं. पहिल्या जागी विचारायचं, तिथे नसेल तर दुसऱ्या. काल सिस्टिम नेटवर्कवरून आणायची म्हणून त्यानंच नेटवर्क यादीत पहिलं ठेवलं होतं, आणि काम झाल्यावर खाली घ्यायला विसरला होता. आता मुख्य कार्यालयातून उत्तर द्यायला कोणी नव्हतं. यंत्र आपलं इमानदारीनं पहिल्याच दारावर टकटक करत होतं, थांबत होतं, पुन्हा टकटक करत होतं. मागे केबलच्या चार जागा, प्रत्येक जागी तीन-तीनदा. आणि पाळी यंत्राच्या आतल्या डिस्कवर, म्हणजे सिस्टिम होती तिथे, यायच्या आत हे महाशय दर वेळी बटण दाबून त्याला बंद करत होते. डिस्कवर सिस्टिम सकाळपासून धडधाकट होती. तिला कोणी विचारलंच नव्हतं.

पुढचं काम दोन मिनिटांचं. या वेळी क्षण चुकला नाही. त्यानं डिस्क पहिल्या जागी नेली, नेटवर्क यादीतून काढूनच टाकलं, आणि यंत्र मोजणी संपवून पापणी लवायच्या आत उठलं. बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. तीन तास एका ओळीसाठी! तो एकटाच मोठ्यांदा हसला, पिशवी उचलली आणि जिना चढू लागला. तीनला अप्पांकडे पोचायला भरपूर वेळ होता. हा किस्सा त्यांना दाढी करताना सांगायचा असंही त्यानं ठरवलं. रांगेतल्या पहिल्या गाडीला ड्रायव्हरच नाही आणि मागच्या सगळ्या खोळंबल्यात, हे अप्पांना लगेच कळलं असतं.

जिन्याच्या वरच्या पायरीवर खिशातला फोन थरथरला. थांबला, पुन्हा थरथरला. एकामागून एक.

अकरा दहा, शुश्रूषागृह. अकरा वीस, शुश्रूषागृह. अकरा तीस, शुश्रूषागृह. मग अकरा एक्केचाळीसपासून ताईचे सात. आणि खाली तिचा निरोप: अप्पा गेले. ये.

ग्रंथपालबाई काउंटरवरून ओरडल्या, "चालू झालं हो! देव पावला!" पहिलं पुस्तक नोंदवल्याचा आवाजही आला. धाकटा जिन्याच्या तोंडाशी उभाच होता.

शहर ओलांडायला त्याला एक तास लागला. खाट नंबर चारभोवती पडदा ओढला होता. आत अप्पा, पांढरे खुंट वाढलेली हनुवटी जरा वर. ताई स्टुलावर बसून त्यांचा हात धरून होती. तिनं वर पाहिलं, पण उठली नाही.

"तू होतीस ना?" धाकट्यानं विचारलं. एवढं एकच त्याला हवं होतं, की ती तरी होती. "तू पोचलीस ना वेळेवर?"

"अकरा चाळीसला मला फोन आला. चप्पल पायात नीट न घालता निघाले. बावन्नला आले." ती थांबली. "पाच मिनिटं झाली होती."

मावशी पडद्याशी उभ्या होत्या. त्यांचे डोळे लाल होते आणि राग नाकावर होता. "अकराला श्वास लागला. डॉक्टर आले, म्हणाले घरच्यांना बोलवा. मी तुम्हाला लावला. नाही लागला. मी म्हटलं, अप्पा, ताईंना लावते, त्या जवळ आहेत. तर मलाच ओरडले. तेवढा जीव होता हो त्यांच्यात. म्हणाले, पाळी मोडू नका. त्यानं विचार करून लिहिलंय."

धाकट्यानं चष्मा काढला.

"तीन वेळा लावला. दहा-दहा मिनिटांनी. मधल्या वेळात ते त्या घड्याळाकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे. झाली का दहा, विचारायचे. झाली म्हटलं की म्हणायचे, लावा आता. येईल तो." मावशींनी पदरानं नाक पुसलं. "मी ऐकायला नको होतं त्यांचं. पण कागदावर तसंच लिहिलेलं."

घड्याळ समोरच्या भिंतीवर होतं. सेकंदकाट्याचा आवाज येणारं, साधं. धाकट्यानं त्याच्याकडे पाहिलं. तो खाटेच्या लोखंडी दांड्याला धरून खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. आपण अप्पांचा अर्धा तास घेतला, ताईचाही घेतला, हे त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. पहिलं राहायचं होतं त्याला. राहिला.

"ताई, बोल ना काहीतरी. शिव्या दे."

ताईनं अप्पांचा हात चादरीवर ठेवला. "मी दहा मिनिटांवर होते रे," ती म्हणाली. बस, एवढंच. आवाज चढवून बोलली असती तर त्याला सोसलं असतं.

मग तिनंच त्याची पिशवी उघडली. स्क्रू ड्रायव्हर आणि केबलींच्या गुंत्यातून नवा ब्रश काढला, कागद सोलला आणि त्याच्यापुढे धरला. "तीन वाजता येतो म्हणाला होतास ना? कर दाढी." तिनं पातेल्यात कोमट पाणी आणलं आणि धरून उभी राहिली. धाकट्यानं फेस केला. गालावरून, ओठावरून, हनुवटीखालून, सावकाश. अप्पा दाढी करताना गाल फुगवून मदत करायचे. आज त्यालाच कातडी ताणून धरावी लागली. शेवटी ताईनं टॉवेलनं कानामागचा फेस टिपला.

अप्पांच्या खाटेचा कागद मावशींनी दोरीसकट काढून उशाशी ठेवला होता. धाकट्यानं तो घडी करायचा प्रयत्न केला. प्लॅस्टिक ते, कुठलं दुमडतंय. तो घेऊन तो पडद्याबाहेर आला आणि समोरची रांग त्याला दिसली. अकरा खाटा, अकरा कागद.

"मार्कर आहे का, मावशी? न पुसला जाणारा?"

तो पहिल्या खाटेपासून सुरू झाला. 'दहा मिनिटं थांबून' खोडलं. 'तीन वेळा' खोडलं. वर लिहिलं: सगळ्यांना लगेच लावा. दुसरी खाट. तिसरी. मेट्रनबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. पाचव्या खाटेशी 'सगळ्यांना' एवढंच लिहून तो थांबला. तेव्हा ताई आली, त्याच्या हातून मार्कर घेतला आणि लिहू लागली. तो नुसता कागद ताणून धरायला राहिला.

नवव्या खाटेवरच्या आजी जाग्या होत्या. त्यांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं.

"काय खोडताय माझं?"

"काही नाही, आजी. थांबायचं काढतोय."

"माझ्या मुलाचा नंबर पहिला ठेवा हं," आजी म्हणाल्या. "तो उचलतो."

"ठेवलाय," ताई म्हणाली, आणि धाकट्यानं कागद जरा आणखी घट्ट धरला.